सवतीच्या ताटावर वाढलेला लेक

माझ्या सासूनं माझ्या नवऱ्याला घराबाहेर काढलं आणि मला घरात ठेवून घेतलं. कामरगावात अजून कोणी जुनं माणूस भेटलं की ही गोष्ट काढतंच, पण उलटी सांगतं. म्हणतात, सावत्र होती ना, म्हणून काढलं. सावत्र होती हे खरं. पण बाकीचं त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे, कारण मार माझ्या अंगावर पडला होता. त्यांच्या नाही.

सासूचं नाव गोजराबाई, माहेर धनजचं. आम्ही माळी. गावाला लागून विहीर होती, विहिरीवर मोट होती, आणि मोटेच्या पाण्यावर वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं माळवं निघायचं. माझे सासरे उकंडराव. त्यांची पहिली बायको सीताबाई तापानं गेली आणि मागे लहान पोर राहिलं, म्हणून त्यांनी गोजराबाईला करून आणलं. ते पोर म्हणजे इंद्रभान, माझा नवरा. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. ज्याला ऐकवत नसेल त्यानं कानावर हात ठेवावा.

पहिली मेली आणि दुसरी केली, तर दुसरीच्या गळ्यात पहिलीची पुतळी घालायची, ही आमच्याकडची रीत. सोनाराकडून चांदीची बोटाच्या पेराएवढी बाई घडवून आणतात, तिला हळदकुंकू लावतात आणि काळ्या दोऱ्यात ओवून नव्या नवरीच्या गळ्यात अडकवतात. म्हणजे मेलेली रागावत नाही, नवीला छळत नाही. नवं लुगडं आलं की आधी पुतळीला टेकवायचं, मग नेसायचं. सणावाराला नैवेद्य आधी तिला. साऱ्यांच्या घरी एवढंच असतं.

आमच्या घरी एवढ्यावर भागलं नाही. सासऱ्यांची थोरली बहीण गिरजाबाई किन्हीराजाला दिलेली होती. लग्नाला आली ती महिनाभर हललीच नाही. दुसऱ्याच्या घरात नियम घालून देणं तिला फार छान जमायचं. नवी नवरी अजून हळदीच्या अंगानं फिरत होती, तेव्हाच तिनं तिला चुलीपुढं बसवून सांगितलं,

"आयक गोजरे. तव्यावरची पयली भाकर सीतेची. पयलं ताट तिचं. थे देवळीपुढं मांडाचं, अन तिच्या लेकानं जेवाचं. लेकाच्या तोंडानं थे जेवते. लेकाचं होईलोक घरात कोनी घास उचलाचा न्हाई."

"अन पोराले भूकच नसली तं?" गोजराबाईनं विचारलं.

"तं बसा वाट पाहात. मेलेल्या बाईले घाई करता काय?"

पोर लहान होतं तोवर हे निभलं. लहान पोराला पहिलं ताट द्यायला कोणाचं काय जातं? पण पोर वाढलं, मिशा फुटल्या, आणि ताट तिथंच राहिलं.

माझ्या सासूचा स्वभाव मुळात रागीट. ती कावळ्यावर चिडायची, सुटलेल्या दोरावर चिडायची, उशिरा उगवला म्हणून सूर्यावर चिडायची. तिचा आवाज विहिरीवरून निघाला की वेशीपर्यंत जायचा. कारंज्याच्या बाजारात तिच्या टोपल्यातलं वांगं कोणी दाबून पाहिलं की ती म्हणायची, "दाब, अजून दाब, म्हंजे घरी नेऊन भरीत कराले नको." अशी बाई. पण इंद्रभानवर तिनं आवाज काढला नाही. तो शेजाऱ्याच्या पोराचं डोकं फोडून आला, तिनं गप हळद कालवून त्या पोराला नेऊन दिली. तो मोटेवर जायचं टाळून देवळाच्या पारावर दिवस काढायचा, तरी गप. एकदा फक्त तिनं हात उगारला होता, तो आठ-नऊ वर्षांचा असताना. तेव्हा गिरजाबाई आलेली होती. ती एवढंच म्हणाली, "उगार, उगार. थे गळ्यातच बसली हाय, पाहून राह्यली सारं." गोजराबाईचा हात वरच्या वर राहिला. मग तिला दोन मुली झाल्या आणि दोन्ही सटवी पुजायच्या आत गेल्या. साऱ्या गावानं मान हलवली. तो हात उगारला होता ना, त्याचंच झालं, म्हणाले. ती पण तसंच समजली. तेव्हापासून तिनं त्या पोरावरचा सगळा राग गिळायला सुरुवात केली. माणूस किती गिळणार?

मी लग्न होऊन आले ते साल असेल एकोणतीस-तीसचं. आल्या दिवशीच मी ते ताट पाहिलं. पितळेचं, घासून घासून सोन्यासारखं केलेलं. त्यावर भाकर, भाजी, ठेचा, कांदा, सारं मांडून भिंतीतल्या देवळीपुढं ठेवलेलं. सासरे पहाटेपासून मोट हाकून आलेले, ओसरीवर चिलीम ओढत बसलेले. सासू दारात बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. कोणी जेवेना. मी विचारलं, "आत्याबाई, वाढू का?"

"यिऊ दे त्याले."

"कोठी गेले?"

"मले काय मालूम? गावात असन."

तेव्हा मला कळलं की मेलेली बाई वेळेवर जेवायला तयार असते, पण तिचं तोंड गावभर हिंडत असतं.

मी त्या घरात पहिलं वर्ष असंच काढलं. अन्न शिजवायचं आणि त्याच्यासमोर उपाशी बसायचं. माझ्या नवऱ्याला हे फार आवडायचं, हे मी लवकरच ओळखलं. भूक लागली असली तरी तो मुद्दाम उशीर करायचा. पारावरच्या लोकांना म्हणायचा, "मी गेल्याबिगर माह्या घरी भाकर मोडत न्हाई." येऊन ताटावर बसला की बोटानं वांगं उलटवायचा आणि म्हणायचा, "मायले आज मीठ कमी लागलं." माय म्हणजे सीताबाई. तिला जाऊन वीस वर्षं झाली होती आणि तिला अजून मीठ कमी-जास्त कळत होतं. मग मी पुन्हा भाजी फोडणीला टाकायची. सासरे ओसरीवर चिलीम झटकायचे. सासूच्या कपाळाची शीर उडायची, पण तोंड बंद.

मग मला दिवस राहिले. पाचवा महिना होता. ऊन असं की विहिरीचं पाणी खाली गेलेलं, मोट अर्धीच भरून यायची, म्हणून दिवसभर हाकावी लागायची. त्या दिवशी मी पहाटे उठून मिरच्या तोडल्या, मग घरी येऊन दळलं, मग भाकरी थापल्या. ताट मांडलं. इंद्रभान कारंज्याला कुस्त्या पाहायला गेला होता. सासू मळ्यात वाफ्यांना पाणी देत होती. सासरे बैलांना सावली देऊन घरी आले होते, ओसरीवर बसले होते, उपाशी.

ऊन कलायला लागलं तरी तो आला नाही. मला डोळ्यांपुढं काजवे दिसायला लागले. चुलीपाशी बसले तर चूल फिरायला लागली. पोटातलं पोर लाथा मारत होतं, त्याला काय मायचं ताट आणि मावशीचं ताट. मी देवळीपाशी सरकत गेले. भाकर मोडली. वांग्याच्या फोडीबरोबर दोन घास खाल्ले, मग तिसरा. खरं सांगते, त्या वांग्याची चव मला अजून आठवते. तेवढ्या वेळ मला कसलीही भीती वाटली नाही. नुसतं जेवण होतं.

अर्धी भाकर झाली आणि दारात तो उभा.

त्यानं काही विचारलं नाही. पायातला जोडा काढला. मी पोटावर दोन्ही हात धरले, म्हणून जे बसलं ते पाठीवर आणि डोक्यावर. "माह्या मायचं उष्टं करते? माह्या मायचं?" एवढंच तो म्हणत होता. मग वेणीला धरून ओढत त्यानं मला अंगणात आणलं आणि बैलांच्या कोठ्याच्या दाराशी टाकलं. म्हणाला, "इथंच राह्य. जनावराच्या टोपल्यात खाय." आणि आत जाऊन दाराला आतून कडी घातली. सासरे ओसरीवर होते. हे सारं त्यांच्यासमोरून झालं. त्यांनी चिलीम खाली ठेवली, आणि पुन्हा उचलली.

गोजराबाई आली ती डोक्यावर सांबाराचा भारा घेऊन. मला कोठ्याशी पाहून उभी राहिली.

"काय झालं वो?"

"मी ताट खाल्लं, आत्याबाई." मला वाटलं आता हिचीही लाथ बसणार. "मले चक्कर आली होती."

"किती खाल्लं?"

"अर्धी भाकर."

"अर्धीच?" असं म्हणून तिनं भारा खाली टाकला. ठेवला नाही, टाकला. एवढा जपून आणलेला सांबार, दुसऱ्या दिवशी बाजारात न्यायचा होता. मला धरून उठवलं, पाठीवरचं लुगडं बाजूला करून पाहिलं, डोक्याला हात लावला तर बोटं लाल झाली. तिनं ती बोटं ओसरीवर बसलेल्या नवऱ्यासमोर धरली.  सासऱ्यांनी मान खाली घातली.

मग तिनं दारावर अशी थाप मारली की वरच्या कौलाची माती पडली.

"कडी काढ."

आतून आवाज आला, "आंधी तिले सांग, माह्या मायची माफी माग म्हना."

"कडी काढतं का उखडते दार?"

कडी निघाली. आम्ही आत गेलो. तो ताटापाशी फतकल मारून बसला होता, म्हणाला, "दुसरी भाकर टाक. नवं ताट मांड." गोजराबाई चुलीपुढं बसली. काट्या सारल्या, फुंकर मारली, पीठ घेतलं, भाकर थापली. तो समाधानानं मिशी पिळत बसला. मला वाटलं, संपलं, आता त्याला वाढणार आणि मग सारं पुन्हा होतं तसं.

भाकर फुगली. तिनं तेच पितळी ताट उचललं, धुतलं, त्यावर ऊन ऊन भाकर, भाजी, आणि शिंक्यावरचं दही घातलं. ते ताट घेऊन ती त्याच्यासमोरून गेली आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"खाय."

"आत्याबाई..."

"खाय म्हनते ना! तोंडाले कुलूप लावलं काय?"

मग ती त्याच्याकडे वळली.

"ऊठ. पडशी भर तुही."

"कोठी जाचं हाय?"

"कोठीबी जाय. या घरात न्हाई राह्याचं."

तो हसला. मोठ्यानं हसला. "हे घर माह्या बापाचं हाय. तू कोन वो? तुले तं माही माय मेली म्हनून आनलं."

"मंग बाप बसला भायेर. इचार त्याले. 'बा, मी राहू काय,' असं इचार. मी आयकते."

तो ओसरीकडे पाहून ओरडला, "बा! पाह्य हे काय म्हनून राह्यली!" ओसरीवरून काहीच आलं नाही. चिलीम ओढल्याचा आवाजही थांबला.

"पाह्यलं?" गोजराबाई म्हणाली. "बाप हाय तुहा, पन तोंड न्हाई त्याले. या घरात तोंड एकट्या तुलेच देल्लं होतं. खायाले."

मग त्यानं शेवटची गोष्ट काढली. मला वाटतं लहानपणापासून ती त्यानं खिशात ठेवली होती. तो तिच्या गळ्याकडे बोट करून म्हणाला, "थे पाह्य. माही माय तुह्या नरड्यावर हाय. मले काढशीन तं थे तुले जित्ती ठेवन? दोन पोट्ट्या खाल्ल्या तिनं तुह्या. आता तुले खाईन."

मी हातातला घास तसाच ताटात ठेवला.

आजवर मी माणसं रागावलेली पुष्कळ पाहिली. ओरडतात, आपटतात. गोजराबाईनं त्यातलं काही केलं नाही. तिनं दोन्ही हात मानेमागं नेले, गाठ सोडायला गेली, गाठ सुटेना, घामानं आणि वर्षांनी घट्ट बसलेली. मग तिनं दोरा दातात धरून तोडला. पुतळी तळहातावर घेतली आणि त्याच्यासमोर धरली.

"घे. ने तुही माय. माह्या पोरींचं नाव तुनं घेतलं, बरं केलं. इतके वर्सं मी भेवून होती. तिचं म्हनून तुले वाढलं, तिचं म्हनून तुले कधी न्हाई म्हटलं न्हाई. मीच वाढलं तुले असं. म्हनून मीच काढते. आता तू तिले आंग धुऊन दे, हळद लाव, भाकर थापून दे. रोज. आंधी तिले, मंग तू. पाह्यते किती दिवस जेवते तुही माय."

त्याचा हात पुढं येईना. तिनं त्याची मूठ उघडून पुतळी आत कोंबली आणि मूठ मिटवली.

खुंटीवरचं त्याचं पागोटं, कोट, आणि नवा जोडा तिनं अंगणात मांडून ठेवला. तोपर्यंत शेजारच्या भिंतींवरून डोकी दिसायला लागली होती. तो अंगणात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "सावत्र ते सावत्रच!" गोजराबाई दारात उभी होती. म्हणाली, "हो. जोरात सांग. किन्हीराजालोक आयकू गेलं पायजे." तो किन्हीराजालाच गेला, आत्याकडे.

आता गाव काय म्हणालं ते सांगते. गाव म्हणालं, गोजराबाई आता मरते. बायका तिच्याबरोबर विहिरीवर पाणी भरायला येईनात. गळ्यातली सवत काढून देणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. आमचा एक बैल लंगडला, तर सीताबाई लागली. वांग्यांवर कीड पडली, तर सीताबाई. हिवाळ्यात सासूला खोकला झाला, तेव्हा तर लोकांनी वेशीत गोळा होऊन बोलायला सुरुवात केली की आता नरडं धरलं. ती बाजारातून येत होती, तिनं ऐकलं. टोपलं खाली ठेवून म्हणाली,

"हिवाळ्यात खोकला साऱ्या गावाले हाय. साऱ्याच्या नरड्यात सीताच बसली काय? बिचारी मेली तवा अठरा वर्साची नव्हती. तिले काय काम न्हाई दुसरं?"

घरी मात्र तिचा राग वेगळाच. नवऱ्याशी ती बोलेना. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण शब्द नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, मामाजी गरीब हायेत." तर माझ्यावरच भडकली. "गरीब? गाय गरीब असते. थे बी वासराले कोनी मारलं तं शिंग दाखवते."

मला मुलगी झाली. बाळंतपणात सासूनं माझं इतकं केलं की माझ्या आईलाही जमलं नसतं, पण करता करता शिव्या चालूच. डिंकाचा लाडू हातात देताना म्हणायची, "खाय, नाहीतं दूध येनार न्हाई. त्या भडव्याले आता कोन भाकर देत असन? त्याले कडक लागते, कडा करपवून. किन्हीराजाच्या सुना तं गारा करतात भाकरीचा." मला कळायचं नाही की ही त्याला शिव्या देते की त्याची काळजी करते. तिलाही कळत नसावं. कळलं असतं तर आणखी चिडली असती.

पोरगी रांगायला लागली त्या सुमाराला गिरजाबाई आली. बरोबर इंद्रभान, आणि आमच्या भावकीतले दौलतराव. दौलतराव चार माणसांत बसून निवाडे करायचे. सगळे ओसरीवर बसले. मी आत दाराआड पोरीला घेऊन उभी. भीती मला एकाच गोष्टीची होती. यांनी त्याला परत घरात घेतलं तर संध्याकाळी ते ताट पुन्हा देवळीपुढं जाणार, आणि मी पुन्हा त्याच्यासमोर उपाशी बसणार. आणि आता पोरगी पण.

गिरजाबाईनं सुरुवात केली. "तुह्या पोटी तं काई न्हाई गोजरे, अन माह्या भावजयीचं एक होतं थे बी तुनं हाकललं. वंश बुडवाले बसली काय?"

गोजराबाई उंबऱ्यावर पाय पसरून बसली होती, शेंगा फोडत. "काहून वो बाई, तुमी तं म्हनत होत्या, माहा भाचा सोन्याचा. तुमच्या घरी सोनं ठेवाले जागा न्हाई काय?"

"माह्या सुना..." गिरजाबाई थोडी अडली. "माह्या सुना आजकालच्या हायेत."

"म्हंजे पयलं ताट देत न्हाई."

 इंद्रभाननं खाली पाहिलं. भिंतीपलीकडून कोणीतरी बाई फिसकन हसली.

"तुमीच शिकोलं होतं ना मले? तव्यावरची पयली भाकर? मंग तुमच्या सुनांले काहून न्हाई शिकोलं? का मेलेली माही सवत फक्त माह्याच घरी जेवते?"

दौलतरावांनी खाकरून हात वर केला. "बाई, तुमी बायका मंग भांडा. घर कोनाचं हाय? उकंडरावाचं. थो काय म्हनतो थे आयकू. बोल उकंडराव, लेकाले घरात घ्याचं का न्हाई?"

सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी चिलमीकडे पाहिलं. 

दौलतराव म्हणाले, "बोलत न्हाई, म्हंजे कबूल हाय."

"असं कसं?" गोजराबाई उसळली. "न बोलन्याचा असा अर्थ असता तं या मानसानं आतालोक सारं जग कबूल केलं असतं! याच्या समोर सुनेले मारलं, थे बी कबूल होतं काय?"

"बरं बरं. लेक ठेवू नको," दौलतराव म्हणाले. त्यांना निवाडा करूनच उठायचं होतं. "सून तं देशीन? बायको नवऱ्याची असते. नवरा जिकडं, बायको तिकडं. दे तिले धाडून, म्हंजे मिटलं."

"थे माही गाय हाय काय, दोर सोडून देयाले? आत हाय. इचारा."

असं कोणी मला कधी विचारलं नव्हतं. लग्नाच्या वेळी नाही, काहीच्या वेळी नाही. मी दाराआडून म्हटलं, पण आवाज निघाला नाही. सासू ओरडली, "बोल ना! का तू बी सासऱ्यावर गेली?"

तेव्हा मी पोरीला कडेवर घेऊन दारात आले. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं. दौलतरावांना म्हटलं,

"मामा, मले भूक लागते. दिसातून दोनदा लागते. यायले थे चालत न्हाई. म्हनून मी जात न्हाई."

बाहेर भिंतीपलीकडे चांगलाच हशा झाला. हसणं ऐकून इंद्रभान उठला. त्याचा हात पायातल्या जोड्याकडे गेला. मला ती चाल ओळखीची होती. मी पोरीचं डोकं छातीत दाबलं.

आणि तेव्हा सासरे उठले. कोपऱ्यात बैल हाकायची काठी होती ती घेतली, आणि माझ्या आणि त्याच्या मध्ये, दाराच्या चौकटीत येऊन उभे राहिले. काठी उगारली नाही.  नुसते उभे राहिले.

इंद्रभाननं बापाकडे पाहिलं. मग जोडा पायातच राहू दिला आणि अंगणाबाहेर गेला. गिरजाबाई त्याच्या मागं गेली. दौलतराव जाताना म्हणाले, "असा निवाडा मी पाह्यला न्हाई." कोणी त्यांना पाहायला बोलावलंही नव्हतं.

तुम्हाला वाटेल, मग सासूनं नवऱ्याला माफ केलं असेल. छे. लोक गेल्यावर तिनं शेंगांचं सूप आपटलं आणि नवऱ्याशी बोलली. वर्षभरातला पहिला शब्द. "आज उठले! आज! त्या दिवशी पाय काय गहान ठेवले होते?" सासरे काठी जागेवर ठेवून म्हणाले, "भाकर हाय का?" ती म्हणाली, "हाय. ज्याले भूक लागली त्यानं घ्यावी." तेव्हापासून आमच्या घरी हाच नियम झाला. कोणी कोणासाठी थांबायचं नाही. पुढं माझी पोरगी शाळेत जाऊ लागली तर कधी कधी आमच्या आधी जेवून पळायची.

इंद्रभान कारंज्याला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला लागला. तिथंच राहायचा. सण आला की मळ्याच्या बांधावर येऊन पोरीला गुळपट्टी द्यायचा. सासूला दिसला की ती दुसऱ्या वाफ्याकडं वळायची. पण त्या दिवशी तिचा आवाज वेशीपर्यंत जायचा. बैलावर ओरडायची, पाण्यावर ओरडायची, आम्हा सगळ्यांवर ओरडायची. तो बांधावर बसून ऐकायचा. मला वाटतं, त्याला कळत होतं की ती कोणावर ओरडते आहे.

सीताबाईनं तिला खाल्लं नाही. ती चांगली म्हातारी होऊन गेली, सासऱ्यांच्या मागं दोन वर्षांनी. लढाई संपली होती आणि राकेल अजून कार्डावर मिळत होतं, त्या दिवसांत. निरोप गेला तसा इंद्रभान आला. दारात उभा राहिला. आत ये असं कोणी म्हणेना, सगळी भावकी माझ्या तोंडाकडं पाहायला लागली. मी बाजूला सरले. शेवटी त्याच्याच तोंडात तिनं घास भरवले होते. त्यानं तिला खांदा दिला, अग्नी दिला, केस काढले. रडला पण. खोटं नाही रडला.

तेरवी झाली. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटेवर जायला निघाले तर त्याचं धोतर आणि सदरा ओसरीच्या खुंटीवर टांगलेले. तो आत चुलीपुढं बसला होता. चूल मी विझवली होती. त्याच्यासमोर रिकामं ताट.

मी खुंटीवरचा सदरा काढला, घडी केली, त्याच्याजवळ ठेवली.

"आता जा," मी म्हटलं.

त्यानं वर पाहिलं. केस काढल्यामुळं तो एकदम म्हातारा दिसत होता. "चतुरे," तो म्हणाला, "आता तं म्हातारी बी न्हाई."

"न्हाई ना. म्हनून तं मले सांगा लागते."

तो बसून राहिला. मी पण दारात उभी राहिले. बैल जुंपलेले होते, पोरगी मळ्यातून हाका मारत होती, मला उशीर होत होता आणि मला राग येत होता, तिच्यासारखाच, वेशीपर्यंत जाणारा. पण मी ओरडले नाही. तो उठून घराबाहेर पडेपर्यंत उभी राहिले. मग दाराला कडी घातली आणि पाणी द्यायला गेले.